पखालीतली वस्ती

"परत फुंक," लीडिया पाव्लोव्ना म्हणाली.

बुरुलनं परत फुंकलं. डेपोच्या तपासणीखोलीची खिडकी इतकी बुटकी होती की फुंकण्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरला वाकावं लागे, नव्या सुनेनं सासऱ्यापुढे वाकावं तसं. सोळा वर्षं बुरुल रोज वाकत आली होती. आधी नाडी, मग रक्तदाब, मग नळी, मग कागदावर शिक्का, आणि त्यानंतर बिश्केकच्या रस्त्यांवर शंभर माणसं घेऊन फिरणारी तिची ट्रॉलीबस. सोळा वर्षांत त्या नळीनं तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली होती: शून्य. त्या दिवशी दुपारी पावणेदोनला, दुसऱ्या पाळीच्या आधी, यंत्रानं शून्य दशांश अडतीस दाखवलं होतं. आता एक्केचाळीस दाखवलं. लीडिया पाव्लोव्नानं यंत्र तळहातावर आपटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे बघितलं. ते बघणं बुरुलला ओळखीचं वाटलं. कुठलं, ते मात्र लगेच आठवेना.

"काय प्यालीस?"

"काही नाही."

"बुरुल."

"सकाळी सातला वाडगाभर कुमीस. खरंच सांगते, लीडिया पाव्लोव्ना, दुसरं काही नाही."

मागच्या रांगेत हसू फुटलं. "घ्या!" तुरात म्हणाला. तो तिच्याच मार्गावर गाडी चालवायचा, आणि वयानं मोठी म्हणून तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. "बुरुल-एजेसुद्धा आली कुमीसवाल्यांत! एजे, मीही परवा कुमीसच प्यालो होतो. बाटलीवर तेवढं वोडका लिहिलं होतं."

डेपोत तो विनोद जुना होता. घोडीचं आंबवलेलं दूध उन्हाळ्यात सगळेच पितात, लहान पोरंसुद्धा. त्याला जिभेला चावणारी थोडी झिंग असते, आणि पकडल्या गेलेल्या प्रत्येक ड्रायव्हरनं आजवर त्याच्याच पदराआड तोंड लपवलं होतं. हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा वापरलं होतं की आता ते खरं असण्याची सोयच उरली नव्हती. बुरुलला हे ठाऊक होतं. डेपोत यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. म्हणून ते वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलेलं ऐकलं तेव्हा तिला तुरातचं हसू लागलं नाही. स्वतःचंच वाक्य लागलं.

"सातला प्यालेलं कुमीस दोनला बोलत नाही," लीडिया पाव्लोव्ना हळू आवाजात म्हणाली. मग तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढून रांगेला दटावलं, "काय दात काढताय? एकेकाचं दोनदा घेईन!" आणि पुन्हा आत होऊन बुरुलच्या कागदावर लिहिलं: रक्तदाब वाढलेला, आज कामावर नाही. "घरी जा. झोप. उद्या सकाळच्या पाळीला ये. एकदाच हं. दुसऱ्यांदा मी आंधळी होणार नाही."

घरी जाण्यासाठी तिला ट्रॉलीबसनंच जावं लागलं. प्रवासी म्हणून मागच्या बाकावर बसून, खिडकीला कपाळ टेकून ती पोटावर हात ठेवून होती. पोट नेहमीसारखं तट्ट फुगलं होतं. जानेवारीतल्या त्या खोकल्यानंतर हे सुरू झालं होतं. खोकला महिनाभर हटला नाही. पहिली अँटिबायोटिकं शेजारणीनं सांगितली, दुसरी औषधाच्या दुकानातल्या मुलीनं, तिसरी तिची तिनंच मागून घेतली. खोकला गेला आणि पोट आलं. काहीही खाल्लं, विशेषतः नान किंवा गोड चहा, की तासाभरात आत काहीतरी वर चढू लागायचं, उबेला झाकून ठेवलेल्या कणकेसारखं. गुडगुडायचं, दाब द्यायचं, आणि मग त्या दाबामागून एक मऊ धुकं डोक्यात शिरायचं. त्या धुक्यात ती मुलीवर उगाच हसली होती, उगाच रडली होती, एकदा चहात साखरेऐवजी मीठ घालून तो तसाच प्याली होती. दमणूक, ती स्वतःला सांगायची. वय. नवरा तीन वर्षं रशियात बांधकामावर, घर एकटीच्या अंगावर, त्रेचाळीस वर्षं. जूनमध्ये नणंदेनं तिला सुसामीरच्या कुरणावर बोलावून घेतलं. पोट बिघडलेल्या माणसानं तिथे पंधरा दिवस राहून रोज तीन लिटर कुमीस प्यायचं, आतडं धुऊन निघतं, असं सगळेच सांगतात. ती राहिली, प्याली. तिथे कुमीससोबत रोज ताटभर बोर्सोक, कणकेचे तळलेले गोळे, असत, मध असे. परत आली ती अधिकच फुगून. आणि तरीही रोज सकाळी वाडगाभर, औषध म्हणून.

पण हा हिशोब ती बसमध्ये मांडत नव्हती. तिथे तिच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो इतका साधा होता की त्याच्याकडे सरळ बघवत नव्हतं: मी प्याले असेन का? माणूस पितो आणि त्याला ते आठवत नाही, असं होतं. तिनं पाहिलं होतं. तिच्या बापाला दुसऱ्या दिवशी काही आठवत नसे. कोठाराच्या मागे उपडी पडलेली बाटली दाखवली तरी तो तिच्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघे. ते बघणं खोटं नव्हतं, हे तिला लहानपणीही कळत होतं, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त भीती वाटायची.

घरात शिरल्यावर तिनं कोट काढला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि वरचं कपाट उघडलं. पिठाचा डबा, तांदूळ, काळ्या चहाच्या पुड्या. पिठात हात घालून तळापर्यंत चाचपून पाहिलं. खालचं कपाट, चुलीमागची फट, गाद्यांचा ढीग, शिवणयंत्राची पेटी. बुटांमध्ये हात घातला. हे कसं करायचं ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आई असंच करायची, याच क्रमानं, आणि तिच्या मागे मागे फिरणाऱ्या बुरुलला प्रत्येक जागा पाठ झाली होती. फरक एवढाच की आई दुसऱ्यानं लपवलेली बाटली शोधत असे. बुरुल स्वतः लपवलेली शोधत होती. नळाखालच्या कोपऱ्यात हाताला काच लागली तेव्हा तिनं बाटली बाहेर ओढली. व्हिनेगर होतं. झाकण उघडून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मग तिच्या लक्षात आलं की दारात बेगीमाय उभी आहे. चौदा वर्षांची तिची मुलगी. शाळेची पिशवी खांद्यावरून न काढता उभी.

"आपा, काय शोधतेयस?"

"काही नाही. व्हिनेगर."

"हातातच आहे की."

"हो. सापडलं."

बेगीमाय जवळ आली आणि तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. गाल गालाला लावला. आणि त्या स्पर्शाआड, अगदी अलगद, नाकानं एक छोटा श्वास आत घेतला. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. बुरुलला कळला, कारण तो श्वास तिचा स्वतःचा होता. मिठी मारायची, गाल लावायचा, आणि तोंडाजवळ एकदाच, आवाज न करता आत ओढायचं. मग तोंड हसरं ठेवून बाजूला व्हायचं. नवव्या वर्षी ती यात इतकी तरबेज झाली होती की बापाला वाटायचं, पोरगी फार मायाळू आहे. दुपारी खिडकीतून लीडिया पाव्लोव्नानं बघितलं ते बघणं कुठलं, हेही आता आठवलं. तिच्या आईचं होतं.

"किती दिवस?" बुरुलनं विचारलं.

"काय किती दिवस?"

"काही नाही. हातपाय धू. जेवायला वाढते."

बुरुलचा बाप आत-बाशी गावच्या सामूहिक शेतीचा ट्रक चालवायचा. हिरवा, पुढच्या दिव्याला तडा गेलेला ट्रक रोज सकाळी अंगणात उभा असे, आणि किल्ली आईच्या कमरेला. दारूबंदीचं ते वर्ष होतं. दुकानात बाटली मिळत नसे, पण घरोघरी भट्ट्या होत्या. आई स्वतः कधी बापाच्या तोंडाजवळ जात नसे. त्याला ती अपमान समजे, दोघांचाही. ती बुरुलला पाठवायची. बुरुल धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडायची, धावत परत यायची आणि एक शब्द सांगायची. तंबाखू. कांदा. काही नाही. किंवा मग तो दुसरा शब्द, ज्यावर आई किल्ली घेऊन शेजारणीकडे निघून जायची आणि ट्रक दिवसभर अंगणात उभा राहायचा. त्या सप्टेंबरात लोकर नारीनला पोचवायची होती. गोण्या भरून झाल्या होत्या, गोण्यांवर शाळेतली स्वयंपाकीण उल्जान आधीच चढून बसली होती, तिला तिथंच दात काढायला जायचं होतं. बुरुल बापाच्या गळ्यात पडली. आंबट वास आला. बाप तिच्या कानाशी म्हणाला, "कुमीस आहे गं, पोरी." ती धावत घरात गेली आणि म्हणाली, "कुमीस." आईनं किल्ली दिली. नारीनच्या वाटेवरच्या घाटात ट्रक दरीच्या अंगाला गेला. बाप वाचला. उल्जान गोण्यांखाली सापडली. तीन वर्षं तुरुंगात काढून बाप परत आला तो न बोलणारा, आणि मरेपर्यंत फक्त एकच गोष्ट सांगत राहिला, कोणी विचारलं नाही तरी: मी त्या दिवशी कुमीसच प्यालो होतो. गावात त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. बुरुलनंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, नळीनं शून्य दाखवलं. लीडिया पाव्लोव्नानं तीनदा फुंकायला लावलं, तीनदा शून्य. "यंत्रच मेलं होतं काल," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका मोकळा झाला की बुरुललाही क्षणभर तेच खरं वाटलं. सकाळच्या फेऱ्या चांगल्या गेल्या. चिनारांच्या रांगांतून उन्हाच्या पट्ट्या पडत होत्या, वरचे दोन दांडे तारांवर सुरळीत चालले होते, बायका बाजारातून टरबुजं घेऊन चढत होत्या आणि जागेवरून भांडत होत्या. अकराला शेवटच्या थांब्यावर डेपोच्या खानावळीत तिनं लाग्मानची, जाड शेवयांची, थाळी घेतली, अर्धा नान, साखर घातलेला चहा. कुमीस मुद्दाम घेतलं नव्हतं, सकाळीही नाही. लीडिया पाव्लोव्ना समोरच बसून तिच्या नातवाच्या दातांबद्दल बोलत होती. मग बुरुल गाडीत जाऊन बसली.

बाराच्या सुमाराला ते आलं. आधी पोटात, बरगड्यांखाली, तो वर चढणारा मऊ दाब. मग जिभेवर पिकलेल्या सफरचंदासारखी चव. मग रस्ता थोडा लांब झाला. समोरची माणसं, दिवे, झाडं, सगळं एका हाताच्या अंतरानं मागे सरकलं आणि तिला छान वाटू लागलं. हेच नंतर तिला सर्वांत भयंकर वाटलं, की तिला छान वाटत होतं. गाडी तिच्याशिवाय चालली होती आणि ती कुठल्यातरी उबदार खोलीत बसून ते बघत होती. मग आवाज आले. "थांबव! अगं ए बाई, थांबव!" "दोन थांबे गेले, झोपलीयस काय?" मधल्या दारावर कोणीतरी मुठी मारत होतं. तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली ती पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर, आणि काचेपुढे, एका पावलाच्या अंतरावर, ढकलगाडीत बाळ असलेली एक तरुण बाई उभी होती. ओरडली नाही. नुसती उभी होती. बुरुलनं आरशात पाहिलं. डोळे लाल, पापण्या जड, ओठांच्या कोपऱ्यात अजून विरायचं राहिलेलं एक हसू. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. रविवारी दुपारी कोठारामागून उठून येणाऱ्या माणसाचं होतं.

तिनं हात-ब्रेक ओढला, दारं उघडली, माणसांना उतरवलं, दांडे खाली घेतले आणि तुरातला फोन केला. "गाडी इथून घेऊन जा."

"बिघडली काय?"

"मी बिघडलेय," ती म्हणाली. तुरात हसला नाही.

डेपोत येऊन तपासणीच्या खिडकीपुढे ती आपणहून वाकली. नऊ. शून्य दशांश नऊ. लीडिया पाव्लोव्नानं यंत्र उजेडात धरलं. "मी समोर बसले होते," ती म्हणाली. "तुझा चहासुद्धा मीच ओतला. गाडीत काही आहे?"

"शोधा."

"शोधलं तर?"

"शोधा, लीडिया पाव्लोव्ना. मीही शोधतेय कालपासून."

नोंद करावी लागली. नोंद म्हणजे दारुड्यांच्या दवाखान्याची वही. त्या वहीत नाव चढलं की परवाना गेला, आणि वही तीन वर्षं कोणाला विसरत नाही. पण लीडिया पाव्लोव्नानं नोंदीला एक चिठ्ठी जोडली, स्वतःच्या गोल अक्षरात: हिनं काय खाल्लं ते मी पाहिलं आहे. सत्तेचाळीस वर्षं मी तोंडांचे वास घेते. हे मला कळत नाही. ती चिठ्ठी हातोहात फिरत पोटाच्या विकारांच्या वॉर्डात, तेमिरबेक नावाच्या एका तरुण डॉक्टरकडे पोचली, आणि त्यानं बुरुलला सगळ्यात आधी विचारलं ते दारूबद्दल नव्हतं. "या वर्षात अँटिबायोटिकं किती वेळा?"

"तीनदा."

"लागोपाठ?"

"खोकला जाईना."

तो मान हलवत लिहीत राहिला. मग म्हणाला, "पोटात जंतूंची एक दाटी असते, बाई. चांगल्या जंतूंची. पिठाला फुगवणारं यीस्ट असतं ना, तेही आत थोडं असतं, पण ही दाटी त्याला पाय पसरू देत नाही. औषधांनी दाटी साफ झाली की ते मोकाट सुटतं. मग नान खा, साखर खा, ते त्याचं करतं काय? जे पिपात करतं तेच."

"दारू."

"असं होऊ शकतं, एवढंच म्हणतोय. फार क्वचित होतं. तुमच्यात झालंय की तुम्ही पिताय, ते मला बघावं लागेल."

 बुरुलपुढे आता डॉक्टर नव्हता. सुसामीरचं कुरण होतं आणि बावीस वर्षांची, शहरातून आलेली, स्वच्छतेची हौस असलेली एक नवी सून. तंबूच्या दाराशी लटकणारी सासूबाईंची कुमीसची पखाल, चाळीस वर्षांची, धुरानं काळी झालेली, तोंडाशी चिकट कडं साचलेली. तिला किळस आली होती. सासूबाई घोड्या दोहायला गेल्या असताना तिनं ती पखाल रिकामी केली, उकळतं पाणी आणि सोडा घालून चारदा खळबळून धुतली आणि उन्हात वाळत घातली, शाबासकीच्या आशेनं. पखाल कोणी पाण्यानं धूत नाही. ती धुरी देऊन राखतात, आणि आत मागच्या वेळचं थोडं कायम ठेवतात. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यात नवं दूध घातलं; तिसऱ्या दिवशी पखाल ढोलासारखी फुगली, तोंडाची दोरी सुटली, आणि आतून जे उडालं त्याला शिळ्या पावाचा, मळमळायला लावणारा वास होता. "रिकामं म्हणजे स्वच्छ नव्हे, पोरी," सासूबाई म्हणाल्या होत्या. "हिच्यात वस्ती होती. चाळीस वर्षं एकमेकांना धरून राहिलेली माणसं तू एका सकाळीत बाहेर काढलीस. ओस घराचं दार कोण ढकलेल, ते मग आपल्या हातात नसतं." नंतर त्यांनी शेजारच्या तंबूतून वाडगाभर जुनं कुमीस मागून आणलं आणि महिनाभर त्या पखालीला थोडं थोडं दूध पाजत बसल्या, आजारी वासराला पाजावं तसं.

"म्हणजे मी पखाल धुतली," बुरुल म्हणाली.

तेमिरबेक लिहायचा थांबला. त्याचीही आजी कुठल्यातरी कुरणावर असणार. "तीनदा," तो म्हणाला.

समजणं ही एक गोष्ट आणि सिद्ध होणं दुसरी. तीन आठवड्यांनी मिळालेली दवाखान्यातली खोली दुसऱ्या मजल्यावर होती, खिडकीला जाळी. नर्सनं तिचे खिसे उलटे केले, पिशवी रिकामी केली, हातांना लावायचं मलम आणि तोंड धुवायचं औषधही काढून घेतलं. वेणी सोडायला लावली. सकाळी आठला तिनं फुंकलं: शून्य. मग तिला साखरेचं पाणी दिलं, ग्लासवर ग्लास, घशाशी येईपर्यंत. तेमिरबेक म्हणाला, "आता दर तासाला फुंकायचं. बाकी काही करायचं नाही." आणि दाराला बाहेरून कडी लावली.

नऊला शून्य. ती पलंगावर बसली होती आणि भिंतीवरचा रंगाचा एक पोपडा बघत होती. तिला कळत होतं की आकडा वर गेला तर ती सुटली. वहीतलं नाव खोडलं जाईल, तुरात माफी मागेल, नवऱ्याला फोनवर सांगता येईल. आकडा वर गेला नाही, तर मग कुठेतरी एक बाटली आहे. तिच्या घरात, तिच्या गाडीत, जिथे तिचा हात जातो आणि तिला सांगत नाही. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. रुंद, नखं आखूड, अंगठ्याजवळ स्टीअरिंगचा घट्टा. बापाचाच हात. मांडीवर पडलेला तो हात तिला एकाएकी स्वतंत्र वाटला, आणि तिनं तो दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. दहाला शून्य दशांश शून्य सहा.  पोटात सुरू झालं होतं. आधी एखादा बुडबुडा, थांबून दुसरा, मग सगळीकडून एकदम. ती श्वास रोखून ऐकत होती, ओस घराच्या माडीवर पावलं ऐकावीत तशी. कोणीतरी आत राहत होतं. तिच्या घासावर जगत होतं, तिच्या झोपेत जागं होतं, आणि तिच्या हातातल्या चाकाला हात लावत होतं. अकराला शून्य दशांश पाच. बाराला एक दशांश एक. तेमिरबेक स्वतः आला, यंत्र पाहून त्यानं चक्क तिचा हात हलवला. "अभिनंदन, बाई! तुम्ही दारुड्या नाही. तुम्ही भट्टी आहात." आणि मग तिचा चेहरा पाहून ओशाळला. "बरं होतं हे. वेळ लागतो. औषध, नान बंद, साखर बंद, कुमीसही बंद, पाच-सहा महिने. मग हळूहळू चांगल्यांना परत बसवायचं. तोवर गाडी नाही."

"नाही चालवणार," ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. तिला छान वाटत होतं, आणि त्या छान वाटण्याच्या आत, तळाशी, ती थरथरत होती. कारण आकडा वर गेल्याबरोबर भीतीनं घर बदललं होतं. हे असं होऊ शकतं. कोणी न पिता असं होऊ शकतं. मग त्या सप्टेंबरात एक माणूस जे सांगत होता, जे तो मरेपर्यंत रिकाम्या अंगणाला सांगत राहिला, ते कदाचित खरं होतं. आणि त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांत पहिली ती होती. तिनं त्याच्या शेवटच्या आजारपणात त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, पण मान वळवून. वास नको म्हणून.

दुपारी एकला बेगीमायला आत सोडलं. शाळेतून परस्पर आली होती. डॉक्टरनं तिला दाराशीच काहीतरी सांगितलं असावं, कारण ती हसत आत आली. "आपा! सुटलीस!" म्हणत तिनं गळ्यात हात टाकले, गाल गालाला लावला. आणि सवयीनं तो छोटा श्वास.

बुरुलनं तिचे खांदे धरले. "कसला वास येतो?"

मुलगी गोंधळली. आईचे लाल डोळे, सुटलेले केस, जड ओठ. "कसलाच नाही."

"सांग."

"कुमीस," बेगीमाय पटकन म्हणाली. "कुमीसचा येतो थोडासा. काही नाही, आपा."

तीन आठवडे बुरुलनं कुमीस तोंडाला लावलं नव्हतं, आणि ते मुलीला ठाऊक होतं. वाडगा तिनंच धुऊन फडताळात वर ठेवला होता. मुलीच्या चेहऱ्यावर माया होती, नुसती माया, आणि त्या मायेच्या मागे हसरं धरून ठेवलेलं तोंड. बुरुल त्या तोंडाकडे बघत राहिली. चौतीस वर्षं तिनं तो आंबट वास पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला होता, तंबाखू वेगळी काढली होती, मेंढीची चरबी, कांदा, ओल्या लोकरीचा वास वेगळा काढला होता, आणि उरलेल्याला नाव द्यायच्या आधी दरवेळी थांबली होती. तो काय प्याला होता, हे आता कधीच कळणार नव्हतं. कदाचित कुमीसच. कदाचित त्याच्याही आत कोणी येऊन राहिलं होतं. पण तिनं काय हुंगलं होतं, ते तिला ठाऊक होतं. त्या सकाळी उंबऱ्यापर्यंत धावताना, गोण्यांवर पाय हलवत बसलेल्या उल्जानच्या बाजूनं धावताना, तिला तो दुसरा शब्दच ठाऊक होता. तोंडातून बाहेर येताना तो बदलला, कारण बापानं तिला पोरी म्हटलं होतं.

"बेगीमाय," ती म्हणाली. आवाज नीट यावा म्हणून तिनं पलंगाची कड धरली. "माझ्यासाठी असं कधी सांगायचं नाही. आजारी असले तरी नाही. मी रडले तरी नाही. जो येईल तोच सांगायचा."

"पण तुझी चूक नाहीये ना. डॉक्टर म्हणाले."

"चुकीचं विचारत नाही. वास विचारते. परत घे."

मुलगी जागची हलली नाही. तिचे डोळे भरून आले. मग ती पुढे झाली, आईच्या तोंडाशी नाक नेलं आणि या वेळी लपवून नाही, चांगला मोठा, आवाज होईल असा श्वास घेतला.

"दारू," ती म्हणाली. "दारूचा वास येतोय, आपा. खूप."

"हं," बुरुल म्हणाली. तिनं डोळे मिटले. पोटात ते अजून चाललं होतं, खोलीचा कोपरा अजून हळूहळू सरकत होता, भीती गेली नव्हती. पण मिटल्या डोळ्यांआड, आत-बाशीच्या त्या अंगणात, या वेळी किल्ली आईच्या कमरेलाच राहिली. उल्जान गोण्यांवरून खाली उतरली, झगा झटकत, आजचा दात राहिलाच म्हणून कुरकुरत. आणि हिरवा ट्रक दिवसभर जागचा हलला नाही.